डोंगर झाडून काढणारी माय

मी मुळातच घाबरट. लहानपणी चुलीतलं लाकूड तडतडलं तरी मी ओट्यावर पळायची आणि माय पोट धरून हसायची. अशा बाईनं पोटापाण्यासाठी वणव्यांचा अभ्यास करावा, ही गंमतच म्हणायची.

धुळ्याच्या एका कॉलेजात मी उपग्रहाची चित्रं बघत बसते. आग लागल्यावर उपग्रह ठिपका दाखवतो, त्यात फार डोकं लागत नाही. माझं काम त्याच्या आधीचं. पानांतलं पाणी किती आटलं, जमीन किती तापली, यावरून जंगल कुठं पेटायच्या बेतात आहे ते ओळखायचं. ओलं ते निळं, कोरडं ते लाल. शिरपूरच्या वरचा सातपुडा होळीच्या सुमाराला लाल होतोच. गेल्या वर्षी मात्र तो माघातच भडक लाल झाला. खाली केळीचे मळे निळेशार, वर डोंगर लाल, आणि दोन्हींच्या काठावर आमचं गाव. गावामागच्या चढावर मायचे मोह आहेत.

मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात पडली की वेचता येत नाहीत. म्हणून आमच्याकडे हंगामाआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात. हिरवी फांदी घेऊन कडेला उभं राहायचं आणि आग बाहेर सरकली की झोडपायची. मायनं हे तिच्या मायकडे पाहिलं, मी मायकडे. तो लाल पट्टा पाहिला आणि मी तडक फोन लावला.

"माय, यंदा जाळू नको. बठ्ठा डोंगर जळी जाई."

"वरथीन तुले मना मोह दिसस का?"

"मोह नही दिसत. कोरडं दिसस."

"मंग साफ कसं करू?"

"झाडू लिसन झाडी काढ."

ती हसायलाच लागली. "डोंगर म्हनजे काय अंगन शे का?" मी चिडले, आवाज चढवला, शेवटी रडकुंडीला आले. तेव्हा ती म्हणाली, "बरं पोरी. तू शिकेल शे. तू सांगशी तसं."

फाल्गुनात एका दुपारी चित्रात ठिपका आला. गावामागच्या चढावर, मोहांना लागून. उपग्रह वरून गेल्यावर चित्र आमच्या हाती यायला काही तास जातात. म्हणजे मी बघते ती आग शिळी असते, ती आता कुठं पोचली ते मला कळत नाही. पहिल्यांदा मला रागच आला. हिनं ऐकलं नाही, लावलीच काडी. मायचा फोन लागेना, तसा शेजारच्या नानांना लावला.

"तिनी नही लायी आग," नाना म्हणाले. "आग घाटकडथीन ऊनी. ती सकायपाईन वर गयेल शे, झाडू लिसन. रोज झाडस. जाळती ते कव्हयच घर ई जाती. पोरे गयात वर देखाले."

मायनं माझं ऐकलं होतं. जाळायला तासभर पुरतो, झाडायला अख्खा दिवस जातो. माझ्या एका शब्दाखातर ती त्या वेळी तिथं होती.

बसमध्ये बसले खरी, पण रस्ता आठवत नाही. हातात फोन, आणि दर वेळी त्यातली तीच बाई सांगत होती की संपर्क होऊ शकत नाही. शिरपूर सोडल्यावर केळीच्या मळ्यांपलीकडे धूर दिसला. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, माझी माय त्या धुरात आहे. ती बिचारी माझा हात धरून बसली.

माय ओट्यावर बसली होती. तोंड काळं, लुगड्याचा काठ जळालेला, हातात पाण्याचा तांब्या. मी तिला गच्च धरलं आणि मोठ्यानं रडले. आग चहूकडून आली तेव्हा ती झाडलेल्या जागेत मोहाच्या बुंध्याला चिकटून पालथी पडली होती. खाली जळायला काही नव्हतं, म्हणून आग कडेकडेनं निघून गेली. झाडू तेवढा गेला.

"पोरनं सांगेल आयकं, म्हनीसन वाचनू," ती जमलेल्या सगळ्यांना सांगत होती. गावानं माझं कौतुक केलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, माय, माझं ऐकलं नसतंस तर तू त्या वेळी घरात असतीस. तिनं हात झटकला. तिला ते पटलंच नाही.

यंदा पुन्हा माघ आहे आणि डोंगर पुन्हा लाल आहे. आज सकाळी मायचा फोन आला.

"पोरी, काय करू? जाळू का झाडू?"

पूर्वी ती मला हसायची. आता हसत नाही. मागं बायकांची कुजबुज ऐकू येत होती.

"मनाजोडे गल्लीन्या बठ्ठ्या बाया बशेल शेतस," ती म्हणाली. "तू सांगशी तसं करतीन."

मग बांगड्या वाजल्या, त्या सगळ्या फोनजवळ सरकल्या आणि मी काय सांगते त्याची वाट बघू लागल्या. जाळा म्हणावं तर डोंगर पेटेल, झाडा म्हणावं तर या सगळ्या दिवसभर वर असतील; मी चित्र मोठं करून त्या लाल पट्ट्यात मायचे मोह शोधू लागले.