ऑरिनची बोटं आणि नवं धनुष्य

ऑरिन लिंडक्विस्ट तसा भित्रा नव्हता. हिवाळाभर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ट्रकने लोटणारा माणूस तो. घाटातल्या निसरड्या वळणावर, एका अंगाला दरी असताना, एका हाताने थर्मासचं झाकण उघडून कॉफी प्यायचा. बिटररूटच्या डोंगरात अस्वलाशी समोरासमोर गाठ पडली, तेव्हाही तो सावकाश मागे सरकला आणि घरी येऊन पोटभर जेवला. अशा माणसाला आता स्वतःच्याच उजव्या हाताच्या तीन बोटांची धास्ती बसली होती आणि त्याने ती कोणालाही कळू दिली नव्हती.

धनुष्याची दोरी गालापर्यंत ओढायची, क्षणभर थांबायचं आणि मग सोडायची, हे त्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. पण अलीकडे निशाणा नजरेत आला रे आला की बोटं आपली आपण उघडायची. दोरी हनुवटीपर्यंतही पोचलेली नसायची. या दुखण्याला धनुर्धाऱ्यांमध्ये नाव आहे, पण सगळे जिथे सराव करतात त्या जुन्या कोठारात ते कोणी उच्चारत नाही. ऐकूनही लागण होते असा त्यांचा पक्का समज. एखाद्याला झालंच तर बाकीचे गपचूप दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहतात. ऑरिन स्वतःही पूर्वी असाच सरकून उभा राहिला होता, म्हणून तो आता लोक नसताना एकटाच सरावाला जायचा.

गेल्या सप्टेंबरात त्याच्यासमोर एक मोठा नर एल्क, सांबरासारखा पण त्याहून थोराड, आला होता. ऑरिनने दोरी ओढायला घेतली, नजर त्याच्या खांद्यामागे टेकते न टेकते तोच बाण निघून गेला आणि पोटात घुसला. पोटात बाण लागलेलं जनावर लगेच मरत नाही, मैलोन्‌मैल चालत राहतं. ऑरिन रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिला. पुढे थेंबही दिसेनासे झाले. एल्क काही सापडला नाही. कायद्याने त्याला पुन्हा शिकारीला जायची मुभा होती, पण त्याच्या मंडळींचा रिवाज वेगळा आहे: जखमी केलं आणि गमावलं, तर ते मारलंच असं धरायचं. एका परवान्यावर एकच जनावर, म्हणून त्याने परवान्याची चिठ्ठी स्वतःच फाडली आणि हंगाम संपेपर्यंत घरी बसला. विचारणाऱ्यांना सांगितलं की मध्ये एक डहाळी आली, बाण वळला.

ते सगळं कदाचित तसंच दडपून राहिलं असतं, पण उन्हाळ्यात मरेनचा फोन आला. मरेन त्याची मुलगी, स्पोकेनच्या इस्पितळात नर्स. एल्कच्या मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावण्यात तिचा हात धरणारं खोऱ्यात कोणी नव्हतं. शाळेत असताना बापाबरोबर हिंडायची, मग वर्षानुवर्षं जमलं नाही. यंदा मला रजा आहे, तुझ्यासाठी आवाज द्यायला मी येणार, असं तिने परस्पर ठरवूनच टाकलं होतं. ऑरिन तोंडदेखलं हसला. फोन ठेवल्यावर मात्र तो हिशेब करू लागला. झाडीत दोघं असणार. बाण कधी सुटेल याचा भरवसा नाही. आणि तेव्हा ती कुठे असेल?

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा थोडं हलकं धनुष्य घ्यावं, मग बोटं ऐकतील, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्याचं जुनं धनुष्य बासष्ट पौंडांच्या ओढीचं होतं. तिथली सगळी मंडळी टोकं पुढे वळलेली रिकर्व्ह धनुष्यं वापरणारी. चाकांची आधुनिक धनुष्यं त्यांना पसंत नाहीत, चाकं ट्रकला शोभतात म्हणतात. धनुष्य बनवणारा मुठीजवळ शाईने ओढीचं वजन लिहितो, आणि शिकारीच्या तळावर कोणी धनुष्य टेकवलं की बाकीचे ते उचलून आधी तो आकडा वाचतात. या आकड्यापायी किती पुरुषांनी खांदे निकामी करून घेतले असतील देव जाणे. ऑरिन पन्नाशी उलटलेला, एक खांदा थंडीत कुरकुरणारा, तरी बासष्टच्या खाली यायला तयार नव्हता.

डार्बी गावाच्या पलीकडे आयव्हा स्ट्रॉमबर्ग राहायची. नवऱ्यामागे त्याचं धनुष्यांचं काम तिनेच चालवलं. तोंडाने फटकळ बाई. ऑरिनने साठाचं मागितलं. तिने भिंतीवरचं एक धनुष्य काढून बाणांसह त्याच्या हाती दिलं आणि गवताच्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"ओढ. पण सोडायचं नाही. गालापर्यंत आण, थांब आणि तशीच सावकाश परत ने."

ऑरिनने ओढलं. गठ्ठ्यावरचा कागदी ठिपका दिसला मात्र, बोटं उघडली. बाण गठ्ठ्याच्या कडेला रुतला. त्याने न विचारताच दुसरा लावला. तोही गेला. त्याच्या मानेवर घाम फुटला. आता ही बाई ते नाव घेणार, या भीतीने त्याला तिच्याकडे बघवेना.

आयव्हाने नाव घेतलं नाही. त्याच्या हातून धनुष्य काढून घेतलं आणि दुसरं दिलं, मग तिसरं, प्रत्येक आधीच्याहून हलकं. ठिपकाही फाडून टाकला. शेवटी एक बुटकं, काळसर लाकडाचं धनुष्य त्याने ओढलं. दोरी गालाला लागली, तिथे थांबली आणि थरथरत का होईना, परत गेली.

"हे तुझं," ती म्हणाली. "सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीसने एल्क पडेल?"

"टोक धारदार ठेव, बाण जड घे आणि जवळ येईपर्यंत कळ काढ. जनावर काय आकडा वाचतंय?"

जाताना त्याने चाचरत विचारलं की सत्तेचाळीसच्या जागी सत्तावन्न लिहिता येईल का. आयव्हा म्हणाली, माझ्या हातून खोटं लिहिलं जायचं नाही, लाज वाटत असेल तर जागा कोरी ठेवते. त्याने कोरीच ठेवून घेतली.

मग त्याने रोज कामावरून आल्यावर एकच केलं. गॅरेजमध्ये गठ्ठ्यासमोर उभं राहून ओढायचं आणि परत न्यायचं. बाण क्वचितच सोडायचा. कधी जमायचं, कधी बोटं दगा द्यायची. दगा दिला की त्या रात्री त्याला झोप लागत नसे. हंगामाच्या तोंडावर त्याचा मेहुणा वेंडेल आला, सवयीने धनुष्य उचललं आणि आकडा शोधू लागला.

"काय रे, लाजून पुसून टाकलास की काय? माझ्या नातीचं तर नाही ना आणलंस?"

ऑरिनने काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण कान गरम झाले.

सप्टेंबरात पहाटेच्या दवात बाप-लेक डोंगर चढले. झऱ्याच्या वरच्या अंगाला ऑरिन एका फरच्या झाडाआड गुडघ्यावर बसला. मरेन त्याच्या मागे बरीच खाली, एका पडलेल्या झाडाच्या ओंडक्याआड. नर वरून येणार, तिच्या आवाजाच्या ओढीने ऑरिनच्या पुढ्यातून जाणार, असा बेत. तिने आवाज काढला. वरून नराची शीळ आली, मग फांद्या मोडल्याचा आवाज. ऑरिनचं काळीज इतकं धडधडत होतं की ते जनावराला ऐकू जाईल असं त्याला वाटलं.

पण नर शहाणा निघाला. सरळ न येता त्याने मोठा वळसा घेतला, आधी वारा हुंगायला. पावलांचा आवाज डावीकडे गेला, मागे गेला, थांबला. ऑरिन गुडघ्यावरच हळूहळू वळला. एल्क ऑरिनच्या अगदी जवळ, बरगड्या उघड्या, मान पलीकडे वळलेली. असं जनावर माणसाला आयुष्यात मोजक्या वेळा मिळतं. ऑरिनने दोरी ओढली. दोरी गालाला लागली.

तेव्हा एल्कच्या पोटाखालून त्याला ओंडका दिसला. ओंडक्याच्या वर मरेनच्या टोपीची कड.

धारदार टोक एल्कच्या आरपार जातं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. बोटं चुळबुळली. नजर खांद्यामागे टेकली होती आणि ती तिथून हटत नव्हती. त्याने डोळे गच्च मिटून घेतले. नुसता गाल, दोरी, पाठीतला ताण. हात पुढे जाऊ दिला, जरासा, आणखी जरासा. दोरी परत गेली. डोळे उघडले तेव्हा एल्कने वास घेतला होता. तो धाड्‌दिशी उडी मारून खाली झाडीत घुसला.

मरेन ओंडक्यावरून ढांगा टाकत आली, चेहरा रागाने लाल.

"बाबा, एवढा जवळ होता! सोडला का नाहीस?"

"तू मागे होतीस."

ती थांबली. वळून ओंडक्याकडे पाहिलं, एल्क उभा होता ती जागा पाहिली. मग खालीच बसली.

"पण तू ओढली होतीस ना दोरी?"

"ओढली होती." त्याने धनुष्य गवतावर ठेवलं. "गेल्या वर्षी डहाळीबिहाळी काही नव्हती, मरेन. बाण माझ्या हातून आपोआप सुटला होता. आणि त्या वेळचं धनुष्य आज हातात असतं तर..."

मरेनने त्याचा उजवा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला. त्याची तिन्ही बोटं तिच्या मुठीत घट्ट मिटली होती.