त्रिकोणाचे तीनशे साठ अंश

शाळेत गणितात मी कधी मागे नव्हते. शेकडेवारी, बीजगणित, भूमिती, काहीही विचारा. लेकीला पहिलीपासून मीच शिकवलं. नवरा मुंबईला नोकरीला, रत्नागिरीला येणार तो गणपतीला आणि शिमग्याला. बाकी वर्षभर तिच्याकडून पाढे घोकून घ्यायला दुसरं होतं कोण? पण आठवीत गेल्यापासून तिला गणितं अडायची ती नेमकी संध्याकाळी, बाबांचा व्हिडिओ कॉल आला की. मी शेजारी बसलेली असताना! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

एकदा दुपारी आम्ही दोघी फणसाच्या आठळ्या सोलत होतो. मी सहज विचारलं, त्रिकोणाचा दुसरा कोन पहिल्याच्या दुप्पट, तिसरा तिप्पट, तर कोन किती किती? हातातली आठळी खाली न ठेवता ती म्हणाली, "तीस, साठ, नव्वद." मी खूश.

संध्याकाळी फोन आला. तिने तेच गणित बाबांना घातलं. "बाबा, मला पहिला कोन साठ येतोय. तीनशे साठला सहाने भागायचं ना?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत-ऐकत होते. पहिला साठ, म्हणजे तिसरा एकशे ऐंशी! ती तर सरळ रेषा झाली, त्रिकोण कुठला? पण तिकडे बाबांना केवढा उत्साह. कागदावर त्रिकोण काढून, तो कॅमेऱ्यासमोर धरून अर्धा तास समजावत बसले. "आता कळलं बाबा," म्हणताना हिचा चेहरा असा फुलला, की माझ्यासमोर तसा कधी फुलल्याचं मला आठवेना. माझा नुसता जळफळाट झाला.

फोन ठेवल्याबरोबर मी तिला धरलं. "दुपारी येत होतं ना तुला? मग बाबांसमोर ही थेरं कशाला?"

"मला येतंय गो आई," ती खाली बघत म्हणाली. "पण बाबांजवळ दुसरा काय बोलू? जेवलीस काय, अभ्यास केलास काय, इतकाच विचारतात नि म्हणतात, आईकडे दे."

माझ्याशी ती दिवसभर बडबडते, भांडतेसुद्धा. हे कळूनही हेवा काही गेला नाही, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी फोनची वेळ झाली तशी मी तिच्या पुस्तकातलं सगळ्यांत लांबलचक गणित शोधून तिच्यापुढे ठेवलं.

"हे चुकव," म्हटलं आणि उठून आत गेले.