भिडू नसलेला डाव

धर्माजीकाका वीज मंडळात वायरमन होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रेवदंड्यात कुणाची लाइट गेली की पहिला फोन अजून त्यांनाच जातो. 'माझी नोकरी कवाच संपली' असं बजावत बजावत ते चपला घालतात. उंच, काटकुळा माणूस आणि मनातलं सगळं तोंडावर. रागावले की कान लाल, खूश झाले की भुवया वर. अशा माणसाने पत्त्यांच्या वाटेला जाऊ नये. काका मात्र बत्तीस वर्षं खेळत होते आणि बऱ्याचदा जिंकत होते.

त्याचं श्रेय मोरू नाखव्याचं. हितेशभाईंचं किराणा दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, तेव्हा त्यांच्या ओट्यावर मेंढीकोट रंगायचा. हितेशभाई आणि कासमभाई एकमेकांचे भिडू, धर्माजीकाका आणि मोरूकाका एकमेकांचे. भिडूंनी समोरासमोर बसायचं आणि हातातल्या पानांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. काकांना बोलायची गरजच नव्हती. चांगलं पान आलं की ते मान वर करून मोरूकाकांकडे बघायचे. मोरूकाकांना कोणतं पान ते कळायचं, बाकीच्यांना नाही. माझं औषधांचं दुकान गल्लीच्या पलीकडे, अगदी समोर. दुपारी गिऱ्हाईक नसतं. पत्त्यांची मला आवड नाही, पण चार म्हातारे लहान मुलांसारखे भांडताना बघायला कुणाला आवडणार नाही?

मागच्या मार्गशीर्षात मोरूकाका गेले. झोपेतच गेले, बोटीवर घालवलेल्या आयुष्याच्या मानाने सुखाचं मरण. महिन्याभराने कासमभाईंनी चौथा भिडू म्हणून मोरूकाकांच्या पुतण्याचं, परेशचं नाव काढलं.

"त्याच्या जागेवं कोन बसनार न्हाय," धर्माजीकाका म्हणाले. "बसला तर मी उठलो."

विषय संपला. तिघांत मेंढीकोट होत नाही. पत्ते हितेशभाईंच्या गल्ल्यात पडून राहिले आणि काका रोज दुपारी बुद्धवाड्यातून येऊन माझ्या दुकानाच्या बाकावर बसू लागले. त्यांच्या पत्नी जयमालाकाकू मला म्हणाल्या, "घरी असले की भिंतीकडं बघत बसतात गं. त्यांना कुठंतरी खेळू दे."

शेवटी कासमभाईंनी पोकर काढला. ते अठरा वर्षं मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते, तिथे शिकलेले. पाच पानं वाटायची, चिंचोके लावायचे, नको ती पानं टाकून तेवढीच नवी उचलायची, पुन्हा चिंचोके लावायचे. शेवटपर्यंत टिकतील त्यांनी पानं उघडायची. जोडीपेक्षा तीन सारखी मोठी, तिनापेक्षा चार. आणि हातात काही नसताना भरपूर असल्याचा आव आणता आला, तर समोरचा घाबरून पानं टाकतो.

"आनी भिडू?" काकांनी विचारलं.

"भिडू बिलकूल नाय. ज्याचा तो."

"मंग मदत कुनाला करायची?"

दोघं खो खो हसले. काकांनी खरंच विचारलं होतं.

पुढचे दोन महिने ते फक्त हरले. नियम त्यांना चार दिवसांत पाठ झाले, पण मान ऐकत नव्हती. राजांची जोडी आली की मान वर जायची आणि समोरच्या रिकाम्या लादीवर नजर थांबायची. हे दोघं मुकाट्याने पानं टाकून द्यायचे. मान खाली राहिली, की चिंचोके वाढवायचे. काकांच्या पदरात दोन-चार चिंचोक्यांपलीकडे काही पडत नसे. दोघांपैकी एकानेही त्यांना कारण सांगितलं नाही. कासमभाईंना सांगवत नसावं. हितेशभाईंचं मी खात्रीने सांगत नाही.

पण फुकटच्या जिंकण्यालाही माणूस कंटाळतो. एका गुरुवारी हितेशभाईंनी पत्ते खाली ठेवले. "आमां मजा नथी आवती, धर्माजी. यापेक्षा मी झोपलेला बरा. शनिवारपर्यंत बघू, नाहीतर हे बंद."

काका उठून सरळ माझ्याकडे आले. "रचना, तू रोज बगतेस. माजं चुकतंय कुटं? ही बैठक मोडली तर दुपारचं मी जाऊ कुटं?"

मी स्पष्ट बोलते. गावात त्याला फटकळपणा म्हणतात. "काका, चांगलं पान आलं की तुम्ही मोरूकाकांच्या जागेकडे बघता. त्या दोघांना लगेच कळतं."

त्यांचे कान लाल झाले. "आजून बगतो?"

"रोज."

ते तसेच घरी गेले. शुक्रवारी आलेच नाहीत.

शनिवारी मी कासमभाईंच्या साखरेच्या गोळ्या द्यायला ओट्यावर गेले आणि काकांच्या मागे उभी राहिले. त्यांच्या हातात दुर्री, पंजा, सत्ता, नव्वी आणि गुलाम. रंग वेगळे, जोडी एकही नाही. त्यांनी तीन पानं बदलली. नवी आली ती त्याहून भिकार.

आणि काकांनी मान वर केली. रिकाम्या लादीकडे बघितलं. भुवयाही वर गेल्या. मग होते नव्हते ते सगळे चिंचोके त्यांनी मध्ये सारले.

कासमभाईंनी लगेच पानं टाकली. हितेशभाईंनी काकांच्या तोंडाकडे बघितलं, जरा घुटमळले आणि तीन राण्या खाली टाकल्या. नंतर राहवलं नाही म्हणून त्यांनी काकांची पानं उलटून बघितली आणि कपाळावर हात मारला. "अरे, काही नाही! काहीच नाही!"

"माशाल्ला!" कासमभाई एवढ्या जोरात ओरडले की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. "शिकला! धर्माजी शिकला!"

"सोमवारी वेळेवर ये," हितेशभाई म्हणाले. "मला वसूल करायचंय."

बैठक वाचली. काका मात्र हसले नाहीत. चिंचोके तसेच टाकून ते माझ्या मागोमाग गल्ली ओलांडून आले आणि बाकावर बसले.

"जिंकलात की, काका."

"व्हय. जिंकलो." त्यांनी दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं, खालीच बघत राहिले. "बत्तीस वर्सं त्याच्याकडं बगत आलो. खोटं कदी बगितलं न्हवतं."

त्या दुपारी मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना ते बघणं दाखवून देणारी मीच होते.