डब्याचं छप्पर पांढरं करताना

जुन्या डब्याचा पत्रा खरवडला की रंगाखाली रंग निघतो. आमच्या टोळीच्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगायला घेतला की खालचा वर येतो. मी चौथी शिकलेली बाई, पण यातलं एकही अक्षर खोटं नाही!

रत्नागिरीच्या यार्डात रेल्वेचा एक जुना डबा प्रदर्शनासाठी रंगवायचं काम आम्हाला मिळालं. डब्याच्या डोक्यावरून विजेची तार. सकाळी दीड तास लाइन बंद करायची, तेवढ्यात छप्पर रंगवायचं.

पहिल्याच दिवशी मी लाइनमनला विचारलं, "चुकून हात लागला तर?"

तो म्हणाला, "हात कशाला लागायला हवा, मावशी? जवळ गेलात तर तीच ओढून घेते!"

त्या दुपारी माझा जेवणाचा डबा तसाच घरी गेला.

*

आमच्या टोळीतले तात्या मुंबईच्या रेल्वे कारखान्यात जन्मभर डबे रंगवून गावी आलेले. खरवडताना आधी चंदेरी निघाला, मग राखाडी, तळाला पांढरा. प्रदर्शनाचे साहेब खूश. "मूळ छप्पर पांढरं! तसंच हवं."

तात्या म्हणाले, "साहेब, ते कारखान्याच्या फाटकापर्यंतच पांढरं. इंजिनाच्या धुराने चार दिवसांत काळं व्हायचं. म्हणून तर पुढे आम्ही राखाडी मारायला लागलो."

"मला पहिल्या दिवसाचं छप्पर पाहिजे!"

"मग पहिल्याच दिवशी बघून घ्या. दुसऱ्या दिवशी कावळे येतील!"

*

तो तळाचा पांढरा रंग वाईट. त्यात शिसं असायचं, तात्याच म्हणाले. त्यांच्या जोडीदाराचं मनगट लुळं पडलं होतं, हातातला ब्रश गळून पडायचा. आम्ही तोंडाला फडकी बांधली.

आणि हेच तात्या हात न धुता भाकरीला बसले! मी भाकरी ओढून घेतली.

"अगो, आता या वयात माझं काय बिघडणार?" म्हणाले, आणि चहाचा ग्लास उचलला. दोन्ही हातांनी. तरी थरथरत होता.



*

आमचा मुकादम म्हणजे तोंडाचा पट्टा. "लाइन बंद आहे, घाबरता काय बायकांनो? बघा!" म्हणत वर चढला आणि छपराच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

शेजारच्या रुळावरून मालगाडीने भोंगा दिला. मुकादम पालथा! ताज्या रंगात, पोटावर. धरून खाली आणला तर दाढीपासून गुडघ्यापर्यंत पांढरा.

मी म्हटलं, "मुकादम, छपराचा एक हात तुमच्यावर निघाला. परत द्यायला लागेल!"



*

आता शेवटच्या दिवसाचं सांगते. आमची रीत अशी की वर चढणारीने चपला शिडीशी काढायच्या. शिडीशी चप्पल उरली नाही म्हणजे वर माणूस नाही. मग मुकादमाने कागदावर सही करायची आणि लाइन चालू.

शेवटचा हात मारायला माझी धाकटी जाऊ शेवंती एकटीच वर होती. मी पलीकडे खिडक्यांना लाल रंग देत होते. वळून आले तर मुकादमाच्या हातात पेन!

"शेवंती कुठाय?"

"चपला नाहीत. गेली असेल पाणी प्यायला."

आदल्या दिवशी कुत्र्याने तिची एक चप्पल पळवली होती. नवा जोड तिने पदरात बांधून वर नेला होता!

"सही करू नको मेल्या!" मी अशी ओरडले की पेन त्याच्या हातातून उडालं.

शेवंती पार दुसऱ्या टोकाला उकिडवी बसलेली. तारेच्या भीतीने मागे न बघता शिडीकडून पुढे पुढे रंगवत गेली, आणि आता मधे सगळा ओला रंग.

"उतर गो!"

"अक्का, रंग वाळू दे! पाय उठतील, साहेब ओरडतील!"

"उठू देत पाय! पळ!"

ती धावत आली. शिडीवरून उतरली ती माझ्या अंगावरच कोसळली. मुकादम खाली बसून घडाघडा ओकला.

दुपारी साहेब रुळांवरच्या पुलावर चढून छप्पर बघायला लागले. "हे पाय कोणाचे?"

शेवंती माझ्या पाठीमागे. तात्या पुढे झाले. "साहेब, जुनी रीत आहे. काम पुरं झालं की छपरावरून बाईमाणूस चालवायचं."

साहेबांनी लगेच फोटो काढला.

"वा! पुढच्या आठवड्यात दुसरा डबा येतोय. याच बाईंना चालवा!"