मंदारचे शॉर्टकट पुसले त्याची गोष्ट

मंदारला आजाराने मुकं केलं नव्हतं. सख्ख्या भावाने केलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. आता लिहिते.

मंदार माझा नवरा. नवी मुंबईत ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करायचा. नसांच्या आजारात आधी वाचा गेली, मग हात. आम्ही श्रीवर्धनला त्याच्या घरी आलो.

दोन बोटं तेवढी हलायची, तीही थरथरत.

त्या बोटांनी त्याने कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, स्वतःचे शॉर्टकट लिहिले. थरथरून चार बटणं दाबली गेली तरी सिस्टीम त्यातलं हवं ते ओळखायची, आणि लॅपटॉप अख्खं वाक्य बोलायचा.

"पाणी दे."
"कूस बदल."
"सायली, जेवलीस का?"

"एखादं ॲप नाही का चालणार?" मी विचारलेलं.

त्याने अक्षर अक्षर टाईप केलं. "ॲप अडकलं की मी अडकलो. कर्नलला बटण कळतंच."

एक शॉर्टकट फक्त एका शब्दाचा होता. "खोटं."

एकदा पाहुणे आले. मोठे दीर, दादा, सांगत होते, "याचं सगळं आम्हीच करतो. अंघोळ, खाणं, सगळं."

लॅपटॉप बोलला, "खोटं."

पाहुणे हसले. दादा नाही हसले.

पुढच्या आठवड्यात मंदारला पोटात अन्नाची नळी बसवायला अलिबागला ॲडमिट केलं. परत आलो तर लॅपटॉप कोरा. दादांनी म्हसळ्याला नेऊन फॉरमॅट करून आणला होता.

"स्लो झालेला. नवा करून दिला तर रडताय काय?"

"दादा, ते त्याचं बोलणं होतं!"

"मशीन ते. त्यात काय जीव हाय?"

मंदार ऐकत होता. त्याने बोटं टेकवली. स्क्रीनभर नुसती निरर्थक अक्षरं धावली.

कोडची कॉपी त्याच्या ऑनलाईन अकाउंटमध्ये होती. पासवर्ड त्याच्या डोक्यात.

मी एकेक अक्षर म्हणायचे. हवं ते आलं की तो डोळे मिटायचा. दादा दारात उभे राहून बघत होते.

पहिला शब्द जुळला, 'दादाला'. मला वाटलं, माफ करतोय.

पुढचा, 'बाहेर'.

मग, 'काढ'.

मी काढलं. दाराला कडी घातली.

पासवर्ड अर्धा झाला आणि त्याला धाप लागली. परत अलिबाग. तिथून तो आला तो अँब्युलन्समधून, चादरीखाली.

अग्नी दादांनी दिला. सगळ्यांना सांगत होते, "शेवटपर्यंत काही मागितलं नाही हो त्याने."

मंदार, मला तुझा आवाज परत आणता आला नाही. तुला मनापासून निरोप.

आणि दादा, या पोस्टवर कमेंट बंद ठेवल्यात. तोंडाशी आलेलं बोलता येत नाही तेव्हा कसं वाटतं, बघा.