दादाचा तुकडा

शेजारच्या भाभींनी पहिल्यांदा भिंतीवरून डोकावून विचारलं होतं, "भाभी, बोरिंग खुद री है क्या?" मी म्हटलं, "नहीं, मैं गिटार बजा री हूं." त्या बिचाऱ्या समजुतीनं म्हणाल्या, "अच्छा, भजन के लिए?" आता काय सांगणार कपाळ. मी हो म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

वय चव्वेचाळीस. देवासच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते आणि रविवारी दुपारी घरी बसून मेटल, म्हणजे रॉकमधला कर्कश प्रकार, रेकॉर्ड करते. गाणारं कुणी नाही, नुसतं वाजवणं. जाडी तार ढिली करून खर्जात उतरवायची, गिटारचा आवाज घरघरता करायचा आणि खाली कॉम्प्युटरवर एकेक ठोका मांडून केलेले ड्रम. देवासची आहे आणि वाजवते, असं बाहेरगावी कुठं बोलले की लोक हात जोडायच्या तयारीत विचारतात, "शास्त्रीय का?" नाही हो, नाही. मग त्यांचे चेहरे उतरतात आणि मला उगाच अपराध्यासारखं होतं.

यंदा राखीच्या सुमारास माझं एक सहा मिनिटांचं वाजवणं पूर्ण झालं. आजवर केलेल्यात सगळ्यात चांगलं, हे मी स्वतः म्हणते, कारण दुसरं कोण म्हणणार. नवरा कारखान्यात शिफ्टला जातो, त्याचं संगीताशी वैर नाही आणि मैत्रीही नाही. त्यानं ऐकून विचारलं, "झालं ना? मग टाक नेटवर." तिथंच तर घोडं अडलं होतं. सुरुवात माझी होती, शेवट माझा होता. पण मध्ये पुन्हा पुन्हा येणारा जो जड तुकडा आहे, ज्याच्या जिवावर ते सगळं उभं आहे, तो माझा नव्हता. तो माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा होता. आणि दादा आणि मी पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

न विचारता टाकलं तर चोरी. विचारायचं तर तोंड उघडावं लागणार. आणि काढून टाकला तो तुकडा, तर उरतं काय? डोंबल. राखीपासून दिवाळीपर्यंत मी ती फाइल रोज उघडायचे, ऐकायचे, कुठं तरी एक झांज हलकी करायचे आणि बंद करायचे. शिवाय ऐकताना कुठं तरी खुपायचं, त्या तुकड्यात काहीतरी चुकतंय असं वाटायचं, पण काय ते हाती लागायचं नाही. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभी असले की बोटं टेबलावर चालायची आणि मागच्या बाकावरची पोरं खिदळायची. दोनदा भाजी करपली. जिवाला चैन म्हणून नव्हती. नवरा एकदा वैतागून म्हणाला, "एक तर टाक, नाहीतर पुसून टाक. घरात वावरून राहिलीस की गस्त घालून राहिलीस?"

तो तुकडा धारचा आहे. आमचं माहेर धारला. मी दहावीत होते, दादा इंदूरला कॉलेजात. शनिवारी घरी यायचा तो होस्टेलातल्या कुणाकडून तरी उतरवून घेतलेल्या कॅसेटी घेऊन. त्यातलं शब्द म्हणून काही कळायचं नाही, पण गिटार कळायची. इलेक्ट्रिक गिटार आम्ही डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती. दादानं साध्या लाकडी गिटारच्या पोटात जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला माइक चिकटवला आणि त्याची वायर टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात खुपसली. टेपरेकॉर्डरला तो आवाज झेपेना, तो किंचाळायला लागला. तोच आवाज आम्हाला हवा होता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या यंत्राला मारून टाकाल एक दिवस." पण थांबवलं नाही तिनं कधी.

असंच एका रविवारी त्यानं तो तुकडा वाजवला. आपल्याच तंद्रीत, तळहाताची कड तारांवर दाबून, पुन्हा पुन्हा. मी दारात उभी होते. मी विचारलं, "हे कोणत्या कॅसेटमधलं?" तो म्हणाला, "कुठलं नाही. माझंच." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की असलं काही आपण करूही शकतो, धारमध्ये बसून. गिटार धरायला त्यानंच शिकवलं मला, रागावून रागावून. माझ्यावर प्रभाव कुणाचा असं कुणी विचारलं तर मी परदेशातली नावं घेते, पण खरं सांगायचं तर एकच नाव आहे.

पुढं वडील गेले. त्यांच्या जागेवर दादाला अनुकंपेची नोकरी लागली आणि कॉलेज अर्ध्यात सुटलं. तो धारच्या ऑफिसात फायली बघायला लागला. लग्न केलं नाही. माझं लग्न झालं, मी देवासला आले. गिटार मी घेऊन आले, कारण तो म्हणाला, "ने तूच, मला कुठं वेळ आहे."

मग आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द फुटायचा नाही. तीन वर्षं दादानं एकट्यानं केलं तिचं. सकाळी तिचं आवरून ऑफिस, दुपारी धावत घरी, पुन्हा ऑफिस. दिवसा एक बाई यायची तेवढाच आधार. मी रविवारी जायचे. देवासहून इंदूर, तिथं बस बदलून धार, आणि संध्याकाळी परत. चार तास बसायला मिळायचे आईजवळ. ती माझा हात डाव्या हातात धरून ठेवायची, सोडायची नाही.

आणि मी कधीकधी जायचे नाही. हे लिहिताना अजूनही हात आखडतो, पण लिहिते. आठवडाभर शाळा, घर, स्वयंपाक. रविवारी दुपारी नवरा बाहेर असला की घरात माझ्या एकटीची अशी तेवढीच शांतता मिळायची. मी दादाला फोन करायचे, "या रविवारी जमत नाही रे, पेपर तपासायचेत." तो म्हणायचा, "बरं." आणि मी गाद्या भिंतीला लावून, पंखा बंद करून, घाम पुसत वाजवत बसायचे. अशाच एका रविवारी एक छोटं वाजवणं इतकं छान उतरलं की मला दम निघाला नाही. दुपारीच नेटवर टाकून दिलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

दादानं ते पाहिलं, हे मला आईच्या तेराव्याला कळलं. चार पाहुणे बसलेले, पानं वाढली जात होती. कुणीतरी कौतुकानं विचारलं, "अजून वाजवतेस का गं?" दादा वाढता वाढता थांबला आणि म्हणाला, "वाजवते ना. पेपर फार छान वाजवते."

कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. खरं म्हणजे त्याच क्षणी खाली मान घालायची होती. पण आमच्या घरात राग सगळ्यांच्याच नाकावर. मी म्हटलं, "तुला वाजवता येत नाही आता, म्हणून जळतोस." तीन वर्षं ज्यानं आईची अंथरुणं बदलली त्या माणसाला मी हे म्हटलं, चार लोकांत. त्यानं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेला. तेव्हापासून अबोला.

पण अबोला धरला म्हणून भाऊबीज कशी चुकेल? दरवर्षी दादा धारहून येतो. मी पाट मांडते, भोवती रांगोळी काढते, तो डोक्यावर रुमाल टाकून बसतो. मी कुंकू लावते, अक्षता टाकते, सुपारी-अंगठीनं आणि मग निरांजनानं ओवाळते. तो ताटात ओवाळणी ठेवतो. मी वाकून नमस्कार करते, तो हात वर करतो. सगळं यथासांग आणि एक अक्षर नाही. जेवताना मी नवऱ्याला सांगते, "विचारा, भात हवा का." दादा नवऱ्याला सांगतो, "जावईबापू, म्हणावं, पोट भरलं." नवरा आमच्या दोघांमध्ये टपाल वाहून वाहून थकतो.

यंदा मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. आतल्या खोलीत स्पीकर जोडून ठेवले. बोलायचं नाही, नुसतं ऐकवायचं. ऐकून तो उठून गेला तर पुसून टाकायचं, सगळंच. ओवाळताना निरांजन हललं, नवऱ्यानं हळूच म्हटलं, "अगं, रुमाल जाळशील त्यांचा."

ओवाळून झालं. तो पाटावरून उठायच्या आत मी आत जाऊन बटण दाबलं.

सुरुवातीचं मिनिटभर दादा नवऱ्याकडे बघत होता, हे काय म्हणून. मग तो तुकडा आला. त्याची मान वर झाली. रुमाल खाली पडला, तो त्यानं उचलला नाही. मी दारात उभी होते, पदर बोटाला गुंडाळत. सहा मिनिटं इतकी लांब असतात हे मला माहीत नव्हतं.

संपल्यावर दादा पाटावरून उठून खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आठ केलेस तू."

माझ्याशी. सरळ माझ्याशी. मी म्हटलं, "काय आठ?"

"मात्रा. ते सातात होतं. सातावर वळायचं, थांबायचं नाही. तू शेवटी एक मात्रा थांबतेस."

"आठच होत्या. मला चांगलं आठवतं."

"मी बसवलंय का तू बसवलंयस? आण ती."

त्यानं गिटार मांडीवर घेतली. इतक्या वर्षांनी बोटं कुठली वळताहेत. तार नीट दाबली जाईना, दोनदा सूर फसफसला. पण तोंडानं मोजत त्यानं चार वेळा वाजवलं, हळूहळू, आणि मीही बोटांवर मोजलं. सातच होत्या. तीस वर्षांत मी माझ्या सोयीनं त्याला एक मात्रा जोडून सरळ केलं होतं, आणि गणिताची बाई म्हणून मिरवते. राखीपासून जे खुपत होतं ते हे होतं. नवरा जागचा हलत नव्हता, जणू आम्ही दोघं मांजरं होतो आणि पळून गेलो असतो.

मी म्हटलं, "दादा, यावर तुझं नाव टाकते."

"नको."

"तुझं आहे ते."

"होतं. मी खाली ठेवलं, तू उचललंस. आता मला विचारतील, पुढे काय केलं, तर मी काय सांगू? फायली? राहू दे, तुझंच नाव टाक." रागानं नाही म्हणाला. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं गिटार पुसली आणि मला परत दिली, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही.

"त्या रविवारी पेपर नव्हते," मी म्हटलं. "आणि तेराव्याला बोलले ते फार वाईट बोलले. चुकलं माझं."

मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे. आपल्याकडे सगळे तेच म्हणतात. तो म्हणाला, "हो, चुकलं." मग तो हाताची बोटं चोळत बसला, तारांनी ती लाल झाली होती.

"ते तू टाकलंस ना दुपारी, मी लगेच ऐकलं," तो म्हणाला. "चांगलं होतं. मी आईच्या कानाशी फोन धरला. म्हटलं, तुझ्या लेकीनं वाजवलंय. तिला कळलं. हसलीसुद्धा एका बाजूनं. मग मान वळवून दाराकडे बघायला लागली. तिला वाटलं, आवाज आला म्हणजे तू आलीस. अंधार पडेपर्यंत बघत होती. मी दार लावलं तर चिडायची."

मी तिथंच खाली बसले. पाट उचलला नव्हता अजून, त्यावरच बसले, रांगोळी विस्कटून. नवरा पाणी आणायला आत गेला. दादानं डोक्यावर हात वगैरे काही ठेवला नाही, तसला तो नाहीच. खुर्चीतून उठला, माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि गिटार माझ्याकडे सरकवली.

"रडून घे," तो म्हणाला. "मग सात करून दाखव. माझी बस पाचची आहे."