डाळीच्या डब्यामागची ग्रीक ब्रँडी

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, पुण्याहून यायचं ठरलं की माझा नवरा सगळ्यात आधी एकच काम करतो. काचेच्या कपाटातली ग्रीक ब्रँडीची बाटली उचलतो आणि स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्यामागे नेऊन ठेवतो. चाळिशी उलटलेला माणूस, इथे परदेशात सेम्बावांगच्या बंदरावर जहाजदुरुस्तीच्या कंपनीत मॅनेजर. ऑफिसात भल्याभल्यांना झापतो आणि घरात बाटली डाळीमागे दडवतो. माझं डोकं फिरतं ते इथे.

ही बाटली आम्ही ग्रीसच्या सहलीत घेतली. दुकानातल्या बाईने आधी घोटभर चाखायला दिली आणि हौसेने सगळं समजावलं. ब्रँडी ओकच्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायची, तिच्यात मस्कट द्राक्षांची गोड वाइन मिसळायची, गुलाबाच्या पाकळ्या आणि कसल्याशा वनस्पतींचा अर्क घालायचा. नाकाला आधी गुलाब लागतो, मग संत्र्याची साल, मग मनुका, आणि गिळल्यावर मागे लाकूड रेंगाळतं. मी तिथेच म्हटलं होतं, ही बाबांना द्यायची.

कारण बाबांनी उभं आयुष्य साबणाच्या कारखान्यात सुगंध जुळवण्यात घालवलं. लिटिल इंडियात गजऱ्यांच्या दुकानावरून जाताना, न थांबता, "मोगरा कालचा आहे," असं सांगणारा हा माणूस. मित्रांकडे ते कधीमधी घेतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी नवऱ्याचं एकच पालुपद, "बाबांसमोर नको." वर मला शिकवणार, "राहू दे, जितकी जुनी तितकी चांगली."

"अरे, पिंपात मुरते ती. काचेत तिचं काही होत नाही. उलट उघडल्यावर वास उडत जातो."

"पुढच्या वर्षी बघू."

याला म्हणे आदर म्हणायचं. मला विचाराल तर हा शुद्ध भित्रेपणा आहे, आणि तो आदराच्या नावाखाली खपतो याची मला जास्त चीड येते. असे तीन मुक्काम गेले. तिन्ही वेळा बाबा आमच्याकडे चहा पिऊन परत गेले.

मग गेल्या हिवाळ्यात बाबांना ताप आला आणि त्यात त्यांची वास घेण्याची शक्तीच गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल असं वाटत नाही. आमटी करपली तरी कळत नाही, असं बाबा फोनवर हसत सांगत होते. मला ते हसू ऐकवेना.

यंदा ते आले, आणि नवऱ्याने पुन्हा बाटली हलवली. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी डब्यामागून ती ओढून काढली, जेवणाच्या टेबलावर आपटली आणि तीन ग्लास मांडले.

"बाबा, घेणार थोडी?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो फ्रिजला टेकून उभा होता, चोरी पकडली गेल्यासारखा. बाबांनी खुर्ची ओढली. "ओत," म्हणाले.

सवयीने त्यांनी ग्लास एका नाकपुडीशी धरला. बराच वेळ. मग दुसऱ्या नाकपुडीशी. मग एक घोट घेतला. "गोड आहे. जिभेला जरा चुरचुरते. बाकी काही नाही." ग्लास खाली ठेवून ते मुलाला म्हणाले, "तू सांग. कसला वास येतो?"

"मला नाही माहीत, बाबा."

"म्हणजे? घेत नाहीस तू?"

"घेतो. तुम्ही ईस्ट कोस्टला समुद्रावर फिरायला गेलात की ओट्यापाशी उभ्या उभ्या एक पेग एका घोटात संपवतो. वास कधी घेतलाच नाही."

बाबांनी तिसरा ग्लास त्याच्याकडे सरकवला. "मग आता बस. सावकाश घे, आणि मला सांग."

तो बसला. त्याने वास घेतला. "गुलाब," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा ग्लास हुंगू लागला. बाबा वाट बघत होते. पुढचं सगळं मला पाठ होतं. मी तोंड उघडलं नाही. सांगू दे त्याला.